चिकनगुनिया होऊन अडीच महिने झाले, ताप केव्हाच गेला पण सांधे सोडत नाहीत. कुणाला असा अनुभव आहे का?

सिंहगडरोडची_सून

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. अंगठा दुखतो म्हणून निम्मं मोबाइलला बोलून टाइप केलंय त्यामुळे मधेच एखादा शब्द भलताच आला तर हसू नका.

वय ४३, पुण्यात राहते, नोकरी करते. दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी ऑफिसातून घरी आले आणि चपला काढायला वाकले तर घोटा असा धरला की तिथेच खाली बसले. रात्री १०३ ताप. दोन दिवस कूस बदलायलाही नवरा लागत होता. चौथ्या दिवशी हातापायांवर पुरळ आलं आणि नंतर नाक काळं पडलं, म्हणजे खरंच काळं, शेंड्यावर कुणी शाईचं बोट लावल्यासारखं. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, चिकनगुनियाची आयजीएम नावाची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह. पाच दिवसांत ताप गेला, मला वाटलं सुटले बाई.

कसली सुटतेय. सकाळी उठल्यावर पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंत धरून जाते, टाचा जमिनीला टेकत नाहीत. टूथपेस्टची ट्यूब दाबता येत नाही, कोपराने दाबते. मूठ वळत नाही. मनगटं इतकी सुजली होती की बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या आणि त्या दिवशी मी रडले, दुखण्याने नाही, उगाचच. कुकरचं झाकण मुलगा उघडतो. पोळ्यांना बाई लावलीय. स्कूटरचा ब्रेक दाबताना भीती वाटते म्हणून रिक्षा, म्हणजे तो खर्च वेगळाच. दहा-साडेदहाला जरा अंग मोकळं होतं, संध्याकाळी परत तेच. एखादा दिवस एकदम छान जातो, मग दुसऱ्या दिवशी गुडघे मेले.

सगळ्यात वैताग म्हणजे कुणाचा विश्वास बसत नाही. सासूबाई म्हणतात आम्ही तापातून उठून भाकऱ्या थापल्यात. ऑफिसात घरून काम मागितलं तर विचारलं की व्हायरल फीवर तीन महिने असतो का. नवरा समजूतदार आहे हो, पण तोसुद्धा परवा म्हणाला, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना?"

माझे प्रश्न: हे किती दिवस चालतं? हा कायमचा संधिवात तर नाही ना? केस मुठीने गळतायत ते पण यामुळेच का? आणि मी घाबरून परवा परत आयजीएम केली तर अजून पॉझिटिव्ह आहे, म्हणजे व्हायरस आत बसूनच आहे का?

---

उतारावरचा_सायकलवाला

ताई, वाचताना माझीच डायरी वाचतोय असं वाटलं. मला गेल्या वर्षी झाला, वय ३६, तेव्हा मी रोज पन्नास किलोमीटर सायकल मारायचो, म्हणजे अगदी फिट वगैरे. ताप चार दिवस. सांधे पाच महिने. एकूण.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती ती सांगतो, जिथे जुनी दुखापत असते तिथे हा बरोबर जाऊन बसतो. कॉलेजात माझा डावा घोटा मुरगळला होता, मी तो विसरलोसुद्धा होतो. चिकनगुनियाला पत्ता कुणी दिला माहीत नाही, पण सगळ्यात शेवटी बरा झाला तो तोच.

दुसरं, माझी चूक करू नका. सहाव्या आठवड्यात एक रविवार असा आला की काहीच दुखत नव्हतं. मित्र राजगडला निघाले होते, म्हटलं पाली दरवाज्याची वाट सोपी आहे, पायऱ्याच तर आहेत, चला. चढलो मस्त. उतरताना गुडघे असे गेले की शेवटच्या टप्प्यात अक्षरशः बसून बसून उतरलो, मागून एक शाळेची सहल आली, पोरं "काका साइड द्या" म्हणत गेली. त्यानंतर तीन आठवडे मागे गेलो, परत भिंत धरून. फिजिओकडे गेलो तेव्हा तिने सांगितलं की बऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मंच काम करायचं आणि वाईट दिवशी पण थोडंसं करायचंच, एकदम आडवं व्हायचं नाही. ऐकायला फालतू वाटतं पण मला फरक त्यानेच पडला. सकाळी कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून स्पंज दाबायचा, दहा वेळा, दुखलं की थांबायचं. घोट्याने हवेत अ आ इ ई गिरवायची. बायको म्हणायची बालवाडी चालू झाली का.

ऑफिसचं म्हणाल तर डॉक्टरांकडून नुसतं फिटनेस सर्टिफिकेट घेऊ नका, पत्रात "चिकनगुनियानंतरचा सांधेदाह" असं स्पष्ट लिहून घ्या. व्हायरल फीवर म्हटलं की लोकांच्या डोक्यात सर्दी येते.

---

बार्शीकर_आजोबा

चि. सूनबाई, अनेक आशीर्वाद. माझं वय ६८. नात शेजारी बसून टाइप करते आहे.

तुमच्या सासूबाईंना सांगा, बार्शीकरांना विचारा चिकनगुनिया म्हणजे काय. आमच्याकडे १९७३ साली साथ आली होती. मी तेव्हा हायस्कूलात. गल्लीत एक घर सुटलं नाही. सकाळी माणसं परसाकडे निघायची ती काठी टेकत, जवान जवान माणसं, पैलवान म्हणवणारी. पुण्याहून व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं आली होती, आज ज्याला एनआयव्ही म्हणतात ती संस्था, त्यांनी रक्ताचे नमुने नेले म्हणून नाव तरी कळलं. नाहीतर आम्ही त्याला नुसता हाडमोड्या ताप म्हणत होतो. माझी आई तेव्हा पडली होती, पावसाळ्यात पडली ती संक्रांतीला तिळाचे लाडू वळताना पहिल्यांदा म्हणाली, आज मूठ बसली. हे वाक्य माझ्या लक्षात आहे कारण लाडू फार मोठे झाले होते.

नंतर मधे तीसेक वर्षं नावही ऐकलं नाही. मग २००६ ला परत आला. तेव्हा देशभर, सरकारी आकड्यातच १३.९ लाख संशयित रुग्ण होते. मी पडलो, माझी बायको पडली, दोन्ही भाऊ पडले, आणि ऐंशीच्या घरातली आई एकटी उभी. ती सगळ्यांना पेज करून देत होती. डॉक्टर म्हणाले एकदा होऊन गेला की सहसा परत होत नाही, आजींचा कोटा आधीच पुरा झालाय.

त्याच वर्षी आणखी एक गंमत. फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला होता, लाखांनी कोंबड्या मारल्या. आणि पाठोपाठ हे चिकनगुनिया. नावातच चिकन! गावात लोकांनी कोंबडी खाणं बंद केलं ते दिवाळीपर्यंत. माझा एक पाव्हणा तर अंगणातल्या कोंबड्यांना गोधडी पांघरून ठेवायचा, तुम्हाला होऊ नये म्हणून का आम्हाला होऊ नये म्हणून ते त्यालाच माहीत. नात आत्ता शोधून सांगतेय की हा शब्द आफ्रिकेतल्या टांझानियाच्या माकोंडे लोकांच्या भाषेतला आहे, १९५२ च्या साथीतला, आणि अर्थ वाकून जाणं असा काहीतरी आहे. बरोबर आहे, आम्ही सगळे वाकलेलेच होतो.

मला स्वतःला पूर्ण बरं वाटायला आठ महिने लागले. भावाला दोन महिन्यात. थोरल्याला दोन वर्षं. एका घरात तीन हिशोब. धीर धरा.

---

निर्गुडीप्रेमी

ताई एवढं टेन्शन घेऊ नका. आमच्या इकडे एक जण पुडी देतात, सकाळ संध्याकाळ मधातून घ्यायची, पूर्ण आयुर्वेदिक, काही साइड इफेक्ट नाही. माझ्या मेव्हण्याला उचलून नेला होता आणि दुसऱ्या दिवशी चालत एसटी स्टँडवर गेला. तीन महिन्याचा कोर्स आहे. पत्ता हवा असेल तर वैयक्तिक मेसेज करा.

---

कृष्णाकाठची

नको. नको. नको. ताई, प्लीज नको.

दुसऱ्या दिवशी चालत गेला हीच घाबरायची गोष्ट आहे. माझ्या आईने घेतली होती अशीच पांढरट पुडी, कागदात बांधलेली, वर नाव नाही गाव नाही. तिसऱ्या दिवसापासून आई एकदम ठणठणीत, आम्ही त्या माणसाला देव मानायला लागलो, शेजारच्या चार बायकांना पण पाठवलं मी. दोन महिन्यांनी आईचा चेहरा गोल गरगरीत, गालावर लव, पोट सुटलं, सगळे म्हणतायत तब्येत छान सुधारली. मग एकदा चक्कर आली म्हणून नेलं तर शुगर ३४०. आधी कधीच नव्हती. डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं की कुठली पुडी घेताय का. स्टेरॉइड मिसळलेलं होतं. आणि आम्ही अतिशहाण्यासारखी घाबरून पुडी एका झटक्यात बंद केली तर आई पार गळून गेली, बीपी खाली, ॲडमिट करावं लागलं. ज्या चार बायकांना मी पाठवलं होतं त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, एकीने दार लावून घेतलं तोंडावर.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्या हो खुशाल, मीपण घेते, छान वाटतं. पण पोटात जाणारं काहीही, वर नाव लिहिलेलं नसेल तर नाही.

---

निर्गुडीप्रेमी

सगळेच तसे नसतात. पण तुमच्या आईंचं वाचून मेव्हण्याला फोन केला. त्याचा पण चेहरा जरा भरलाय म्हणतोय. बघतो.

---

रात्रपाळीचा_डॉक्टर

@निर्गुडीप्रेमी, बघतो नाही, याच आठवड्यात न्या त्यांना फिजिशियनकडे, शुगर आणि बीपी तपासा, पुडीचा कागद बरोबर न्या. आणि तोवर अचानक बंद करू नका, ते डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करावं लागतं, नाहीतर वर लिहिलंय तसंच होतं.

सिंहगड रोडच्या ताई, मी फिजिशियन आहे, नागपूरला. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. नाइट ड्यूटीवर चहा पिता पिता लिहितोय, सुसूत्र नसेल.

आयजीएमचं आधी. ती अँटिबॉडी आहे, व्हायरस नाही. ताप आल्यावर साधारण पाचव्या दिवसापासून दिसायला लागते आणि काही महिने रेंगाळते. व्हायरस रक्तात असतो तो जेमतेम आठवडाभर. तेव्हा परत पॉझिटिव्ह आली याचा अर्थ एवढाच की तुम्हाला चिकनगुनिया झाला होता, जो तुम्हाला माहीतच आहे. परत परत करू नका, पैसे वाचवा, रिक्षाला लागतील.

किती दिवस हा प्रश्न. आम्ही ढोबळ तीन टप्पे धरतो, पहिले तीन आठवडे, मग तीन महिन्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांच्या पुढे. तुम्ही दुसऱ्या टप्प्याच्या शेवटाकडे आहात. बऱ्याच लोकांचं या टप्प्यात आपोआप उतरत जातं, काहींचं तिसऱ्यात जातं, विशेषतः चाळिशीच्या पुढे, बायकांमध्ये, आणि ज्यांचं पहिल्या आठवड्यात फार दुखलं सुजलं त्यांच्यात. व्हायरस गेल्यावरही सांध्याच्या आतलं अस्तर आणि स्नायूबंधांची आवरणं सुजलेली राहतात, आपलीच प्रतिकारशक्ती तिथे भांडण मिटल्याचं ऐकायला तयार नसते. म्हणून ताप नाही, रिपोर्ट बरे, आणि मूठ वळत नाही. हे मनाचे खेळ नाहीत. सायकलवाल्यांनी लिहिलेलं जुन्या दुखापतीचं पण खरं आहे, आम्हाला रोज दिसतं.

हा संधिवात आहे का? बोटं, मनगटं, घोटे, दोन्ही बाजूंना, सकाळी आखडणं, हे आमवातासारखंच दिसतं, म्हणून गोंधळ होतो. तीन महिने होऊनही सांधा नुसता दुखत नसून सुजलेला असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी सीसीपी अशा रक्ताच्या तपासण्या करतील. आरए फॅक्टर थोडा वर आला म्हणून गुगल करत बसू नका, तो इतरही कारणांनी येतो. आमवात आहे का हे ठरवताना अँटी सीसीपीला जास्त वजन असतं. तिथे औषध लागलंच तर वेगवेगळे पर्याय आहेत, पण एक पोटतिडकीने सांगतो, मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली तर ती आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतलेले पेशंट मी बघितलेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.

दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून परस्पर चालू ठेवल्या असतील तर आता थांबून डॉक्टरांना विचारा, किडनी आणि पोट दोन्हीचा प्रश्न असतो. जे आत्ता तापात आहेत त्यांच्यासाठी, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच, बाकी पेनकिलर नको, ॲस्पिरिन तर नकोच, रक्तस्राव वाढू शकतो. शेकाचं म्हणाल तर पहिल्या दिवसांत गरम शेकाने उलट ठणका वाढतो, तेव्हा थंड बरं. तुमच्यासारखं सकाळचं आखडणं राहिलं असेल तर कोमट पाणी चालतं.

केस, हो, यामुळेच. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि परत येतात. तेलं विकत घेऊ नका. नाकाचा डाग पण जातो, सावकाश.

रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते का? मनगटाच्या सुजेने तिथली नस दाबली जाते, टाइप करायला अंगठा दुखतो म्हणालात म्हणून विचारतोय. येत असेल तर सांगा तुमच्या डॉक्टरांना, रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, लावून बरंच काम होतं. आणि परत ताप आला, वजन उतरायला लागलं, एकच सांधा लाल गरम झाला किंवा हातापायातली ताकदच गेली, तर मात्र इथे प्रश्न न टाकता सरळ जायचं.

---

ठाण्याचा_बंड्या

डॉक्टर, नाकाचं खरंच जातं ना? माझं दीड महिना झाला. ऑफिसात मला पांडू म्हणतात. का ते विचारू नका, काहीही संबंध नाही, पण म्हणतात.

---

रात्रपाळीचा_डॉक्टर

जातं. उन्हात टोपी घाला, खरवडू नका, गोरं करायच्या क्रीम लावू नका. पांडूचं माझ्याकडे औषध नाही.

---

सिंहगडरोडची_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार. आजोबा, तुमचं सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. लाडवांपाशी आल्यावर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या की त्यांच्या माहेरी पण एक मावशी अशा वाकल्या होत्या, सगळे तिला ढोंगी म्हणायचे. एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. आज सकाळी माझ्या उठायच्या आधी कोमट पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. मीही काही बोलले नाही.

डॉक्टर, मुंग्या येतात! रात्री दोन-अडीचला हात झटकत बसते, मला वाटलं उशाखाली दबतो. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतलीय, स्प्लिंटचं विचारते. पुडी घेतली नव्हती, पण खरं सांगते, वैतागून घ्यायच्या बेतात होते, नणंदेने आणून ठेवलीच होती फ्रिजवर.

फ्रिजवरून आठवलं. हा सगळा पसारा वाचून नवऱ्याने काल घर धुंडाळलं, कुठे पाणी साचतं का. कुंड्यांखाली काही नाही, बादल्या झाकलेल्या. मग फ्रिज पुढे ओढला, मागच्या बाजूला खाली तो पाण्याचा ट्रे असतो ना, आठ वर्षांत कुणी बघितला नव्हता. टॉर्च मारला तर त्यात अळ्या, वळवळत होत्या, उजेड पडला की खाली जायच्या. मी इथे सोसायटीच्या ड्रेनेजला शिव्या घालत होते आणि डास माझ्याच स्वयंपाकघरात जन्माला येत होते. फ्रिजपासून मी भाजी चिरायला बसते ती जागा दोन हात.

---

कृष्णाकाठची

अगं बाई. तो ट्रे नुसता ओतून देऊ नका हं, आतून घासा. या डासाची अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी आलं की परत चालू. आमच्याकडे आशाताई येतात त्या हेच सांगतात, आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं, आणि घासणी मारून. मनी प्लांटची बाटली पण बघा.

---

उतारावरचा_सायकलवाला

आणि दिवसा चावतो तो. रात्री मच्छरदाणी लावून आम्ही निवांत, आणि हा सकाळी चहाच्या वेळी येणार. ताई, मूठ किती वळते ते रोज मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एकाच टेबलावर. रोज बघून फरक कळत नाही, पंधरा दिवसांचे शेजारी ठेवले की कळतो. मला माझा करंगळीचा फोटो बघून झालेला आनंद कुणाला सांगता येत नव्हता.

---

सिंहगडरोडची_सून

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. अँटी सीसीपी निगेटिव्ह. मनगटाची सूज आहे अजून, थोड्या दिवसांची औषधं दिलीत, स्प्लिंट लावून रात्री झोप लागतेय. ऑफिसला पत्र दिलं, आठवड्यातून दोन दिवस घरून करायला मिळालं, तेही तोंड वाकडं करूनच. उजव्या हाताची चार बोटं तळव्याला टेकतात, अंगठा अजून अडतो. टाचा सकाळी पहिली दहा पावलं दुखतात, आधी सगळी खोली दुखायची.

काल कुकर मी उघडला. मुलगा धावत आला, मला वाटलं कौतुक करेल, तर म्हणाला, "आई, वाफ गेली का बघितलंस?"

ट्रे दर रविवारी घासतोय.

---

ठाण्याचा_बंड्या

आणि नाक?

---

सिंहगडरोडची_सून

अजून काळंच आहे.